आमचं कौतुक पुरे

मुंबई-पुण्याचा पत्रकार आमच्याकडं आला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘दिवसा शेती आणि रात्री नाटक, हे तुम्हाला जमतं कसं?’ विचारताना चेहरा असा, जणू बैलानं उठून अभंग म्हटला. मग फोटो. फोटोला मी कपाशीत उभा पाहिजे आणि हातात वही पाहिजे. कपाशीत वही घेऊन उभा राहिलेला माणूस मी आमच्या कुंभार पिंपळगावात आजवर पाहिला नाही. दिसलाच असता तर लोकांनी त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं आणि मग घरच्यांना फोन लावला असता. छापून येतं ते असं : शेतकरी असूनही अभिनयाचं वेड जपणारा अवलिया.

अंधेरीत फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या नटाला कोणी विचारत नाही, की हप्ते असूनही तुम्ही अभिनय कसा करता बुवा? बँकेत नोकरी करून नाटकं लिहिणाऱ्यांनी मराठी रंगभूमीचा मोठा भाग चालवला; त्यांच्या पासबुकाचे फोटो कधी छापून आले नाहीत. आमच्या पायाचा चिखल मात्र पहिल्या पानावर. मला या कौतुकाचा वीट आलाय, कारण ते फुकटात पडतं. पाठीवर थाप मारली की मानधन, तालमीची जागा, प्रयोग, पडदा यातलं काहीच द्यावं लागत नाही.

जमतं कसं, ते एकदाचं सांगून टाकतो. जमत नाही. मोटारीला रात्रीची लाइट असली की दारं धरायला जावं लागतं. एक वाफा भरेपर्यंतच्या वेळात बांधावर बसून मोबाईलवर संवाद लिहायचे. मोबाईल उघडला की त्याच्या उजेडावर किडे येतात आणि सरळ तोंडात जातात, म्हणून मी बोलून टाईप करायला लागलो. एकदा खलनायकाचा प्रवेश असा बोलून लिहीत होतो. शेजारच्या वावरातून बॅटरी हलली आणि आवाज आला, ‘कामून भांडायला रे बापू? कोण हाये तिथं?’ काही नाही काका, नाटक लिहायलोय, असं ओरडून सांगितलं. त्यावर काका जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण संवाद म्हणून माझ्या ओळीपेक्षा बरं होतं.

सकाळी दूध, पोरांची शाळा, खताच्या दुकानातली उधारी. दुपारी फोन येतो : ‘सर, तासाभरात सेल्फ ऑडिशन पाठवा. मागं पांढरी भिंत हवी, आवाज क्लीन हवा.’ आमच्या घरात पांढरी भिंत एकच आणि तिच्यापुढं छतापर्यंत कापूस रचलेला. भाव वाढेल या आशेवर घराघरात असाच कापूस पडून असतो, माणसं त्याच्यावर झोपतात आणि अंग खाजवत उठतात. म्हणजे माझं ऑडिशन व्हायचं असेल तर आधी बाजारात कापूस वधारला पाहिजे. शेवटी मागं चादर धरून बायको उभी राहते. तिचे हात भरून आले की चादर खाली येते आणि माझ्या करुण प्रसंगात मागून कापूस दिसायला लागतो. उसाच्या दिवसांत आवाज क्लीन ठेवणं तर अशक्यच. ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या ओढत जातो आणि त्याच्या स्पीकरवरची गाणी जांबपर्यंत ऐकू जातात.

जांबचं नाव निघालंच आहे. जांब समर्थ आमच्या शेजारचं गाव, समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक. तिथले राजकुमार तांगडे शेती करतात, लिहितात आणि रंगमंचावर उभे राहतात. विजेच्या चोरीवर त्यांनी ‘आकडा’ लिहिलं. तारेवर आकडा टाकणाऱ्यांच्याच गावात ते नाटक झालं, याला मी धाडस म्हणतो. मुंबईत बसून भ्रष्टाचारावर नाटक लिहिण्यापेक्षा हे फार अवघड, कारण इथं दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाळीला तोच प्रेक्षक भेटतो. पुढं पुण्याहून अतुल पेठे आले आणि जांबच्या माणसांना घेऊन त्यांनी तांगड्यांचंच ‘दलपतसिंग येती गावा’ बसवलं. राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेनं माहितीच्या अधिकारासाठी जो लढा दिला, त्याची ती गोष्ट. ज्यांनी कधी ग्रामसेवकाला हजेरीपत्रक मागितलं नव्हतं, ते स्टेजवर उभे राहून हिशेब मागायला लागले.

आणि 2012 साली ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखक तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, मूळ कल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची. महाराजांच्या जिरेटोपाला बसेल असं डोकं शोधत यम पृथ्वीवर हिंडतो. कैलास वाघमारे, संभाजी तांगडे ही आमच्याच जिल्ह्याची मंडळी त्यात होती. ते वर्ष लक्षात घ्या. 2012 ला पावसानं पाठ फिरवली आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी सरपणाला तोडली. त्याच काळात ही माणसं मुंबई-पुण्यात जाऊन शिवाजी कोणाचा, हा प्रश्न भर नाट्यगृहात विचारत होती आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. महाराष्ट्रभर प्रयोग झाले, लेखांवर लेख आले.

आता मी विचारतो, त्यानंतर आमच्या घनसावंगी तालुक्यात काय उभं राहिलं? तालमी अजून मारुतीच्या सभामंडपात होतात, आणि लग्नाची तिथी नसेल तेव्हा मंगल कार्यालयात. एवढं गाजलेलं नाटक इथल्या मातीतून वर आलं, तर पुढच्या पोरांसाठी एक बऱ्यापैकी हॉल, चार स्पॉटलाइट, पगारी एक शिकवणारा माणूस, एवढं तरी व्हायला हवं होतं. कोणाला सुचलं नाही. कौतुक करून सगळे आपापल्या गाडीत बसले. अपवाद म्हणून डोक्यावर घेतलं की नियम बदलावा लागत नाही, ही या राज्याची जुनी हातचलाखी आहे.

नियम तर पिढ्यानपिढ्या एकच : ज्याला काही करायचं त्यानं मुंबई गाठावी. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागानं माणसं घडवली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं अख्खं वऱ्हाड उभं केलं. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ औरंगाबादेत जन्मली आणि मुंबईत मोठी झाली. मकरंद अनासपुऱ्यांनी आमची बोली नायकाच्या तोंडी नेऊन बसवली, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण गेले ते सगळे गेलेच. परतूरला येऊन रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन ऑडिशनला उभं राहायचं, हा आमचा अभ्यासक्रम. डिसेंबर 2023 मध्ये जालन्याहून वंदे भारत सुरू झाली. छान गाडी आहे. तिच्या तिकिटात माझं जाणं, येणं आणि दोन दिवसांचं जेवण भागतं.

आमच्याकडं कॅमेरे येतच नाहीत असं नाही. 2022 च्या ऑगस्टात जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा आले. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा तर कॅमेऱ्यांच्या गाड्यांना रस्त्यावर जागा पुरेना. दुष्काळात येतात, गारपिटीत येतात. चोरी, लाठी, दुष्काळ यांच्याशिवाय जालना जिल्ह्यात काही घडतं, यावर टीव्हीवाल्यांचा विश्वास नाही. आणि सिनेमा-मालिकावाले त्यांचेच सख्खे भाऊ.

म्हणून मला भूमिका कुठली मिळते? फाशी घेणाऱ्या शेतकऱ्याची. कोऑर्डिनेटरच्या डायरीत माझ्या नावापुढं बहुतेक तेवढंच लिहिलेलं असावं. पडद्यावर मी झाडाला लटकलोय, आढ्याला लटकलोय, एका ठिकाणी विहिरीत ढकलून मला जरा बदल दिला. एका मालिकेचं सांगतो. नाव घेत नाही. गोष्ट मराठवाड्याच्या दुष्काळाची, शूटिंग सातारा जिल्ह्यात. मागं हिरवागार डोंगर. दिग्दर्शक म्हणाला, काळजी नको, नंतर रंग उतरवून घेऊ. मला धोतर दिलं. कोरं करकरीत होतं, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं. कपडे जुने दिसायला असंच करतात. मी म्हटलं, दादा, माझ्या वयाचा माणूस आमच्याकडं धोतर नेसत नाही, पॅन्ट घालतो, वर टी-शर्ट, बहुतेक बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेला. तो म्हणाला, ‘प्रेक्षकाला शेतकरी वाटला पाहिजे ना.’ मी, ज्याच्या नावावर सातबारा आहे, तो धोतराशिवाय शेतकरी वाटत नव्हतो.

पुढं म्हणाला, कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडं बघा. आता आभाळाकडं बघतंय कोण? आम्ही पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज मोबाईलवर बघतो, तो चुकला तर ग्रुपवर शिव्या घालतो आणि पुढचा अंदाज पुन्हा बघतो. ते दाखवा की! त्यात गंमत आहे, भीती आहे, जुगार आहे. दाखवलं नाही. मी हात धरला, आभाळाकडं बघितलं, ‘आता कसं व्हायचं गं लक्ष्मे’ म्हटलं, तेही कोल्हापुरी हेल काढून, कारण मालिकेतल्या सगळ्या गरिबांना तोच हेल शिकवलेला असतो. दुपारनंतर दोर आला. दोर मात्र खरा होता, चांगल्या प्रतीचा, जनावराला दोन वर्षं टिकेल असा. संध्याकाळी मी प्रॉडक्शनवाल्याला विचारलं, हा घरी नेऊ का? तो हसला. मी गंमत करत नव्हतो. पैसे नव्वद दिवसांनी मिळतील असं सांगितलं होतं. तेही नव्वदीत आले नाहीत.

आत्महत्येवर सिनेमे करू नका, असं मी म्हणत नाही. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ मी मान खाली घालून पाहिला. त्यातल्या बाईची धास्ती मला शेजारच्या घरातली वाटली, कारण नवरा मरेल या भीतीनं ती त्याला गोडधोड खाऊ घालते आणि पाळत ठेवते. तिथं माणूस आहे. मंगेश हाडवळेंच्या ‘टिंग्या’त बैल आहे आणि पोरगं आहे. भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’साठी स्वतःची जमीन विकली, ही जाहिरातीसाठी रचलेली कथा नव्हती. माझं भांडण चहाच्या पाण्यात बुडवलेल्या धोतराशी आहे. आमच्यातला चोर, आमच्यातला चिकट सावकार, प्रेमात पडलेली म्हातारी, तलाठी कार्यालयात हुशारी करणारा पोरगा, कीर्तनात डुलक्या घेणारा टाळकरी, हे सगळे कुठं गेले? मरण्यापलीकडं आम्हाला काही येतच नाही का?

सिनेमा बघण्याची तर वेगळीच तऱ्हा. मी नट आहे, लेखक आहे, म्हणजे सिनेमा बघणं हे माझं वाचन आहे. आमच्या गावात बाजार आहे, बँका आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, मोबाईलची दुकानं तर ढिगानं, पडदा नाही. जालना साठेक किलोमीटर. मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो. सोमवारी मला सवड होते, तोवर त्याचा शो सकाळच्या वेळेला ढकललेला असतो आणि पुढच्या शुक्रवारी तो गायब. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायचं बंधन घातलं, त्यावर मुंबईत केवढा गदारोळ झाला. माझा प्राइम टाइम शेवटची एसटी ठरवते. संध्याकाळचा शो पाहिला तर परतीला गाडी नाही. मग लॉजचा खर्च करा, नाहीतर स्टँडवर बसून मध्यंतराच्या आधीच्या भागाची पटकथा किती ढिसाळ होती यावर डासांशी चर्चा करा. मी बहुतेकदा दुसरं करतो.

लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मशीन आमच्या बाजूला, धूर सगळीकडं आणि रीळ तुटलं की शिट्ट्या. ‘माहेरची साडी’ला बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेल्या होत्या आणि परतताना पदर ओले होते. आता निर्माते परिषदा घेऊन सांगतात, ग्रामीण प्रेक्षक थिएटरला येत नाही. धादांत खोटं. 2016 चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागत होतं, अख्खा मराठवाडा कोरडा पडला होता. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ‘सैराट’ लागला. खिशात दमडी नसलेल्या माणसांनी तो दोनदा, तीनदा पाहिला; गर्दी आवरेना म्हणून काही ठिकाणी मध्यरात्री आणि पहाटे शो लावावे लागले. मराठी सिनेमा पहिल्यांदा शंभर कोटींच्या पुढं गेला तो दुष्काळाच्या उन्हाळ्यात. नागराज मंजुळेंनी आम्हाला आमच्याच रस्त्यावर, आमच्याच विहिरीवर नाचताना दाखवलं, तर आम्ही आलो. त्यानंतर तुम्ही काय केलंत? गावागावात पडदे वाढवलेत? दहा वर्षं ‘दुसरा सैराट’ शोधत बसलात.

आता गावाकडं वळतो. इथंवर वाचून माझ्या गावची मंडळी खूश झाली असतील, की बरा धुतला मुंबईवाल्यांना. थांबा थोडं.

माझा एक सिनेमा आला, तेव्हा चौकात एका पुढाऱ्यानं हाक मारली. ‘पाहिलं बरं तुझं पिक्चर. ग्रुपवर लिंक आली होती. तू आला अन् लगेच मेला.’ फुकट उतरवून पाहिलं, हे मोठ्या आपुलकीनं सांगितलं, वर चहा पाजला. त्याच्या बागेतली मोसंबी मी रात्री न विचारता तोडली आणि सकाळी जाऊन सांगितलं, की मालक, गोड होती बरं का, तर चहा मिळेल का?

आणि वर्गणी. गणपती, जयंत्या, जत्रा, आमदारांचा वाढदिवस, सगळ्याला गावात पैसा निघतो. भिंती हादरवणारा डीजे येतो, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते, एका रात्रीत लाखाच्या गोष्टी होतात. नाटकाचं नाव काढलं की बैठकीतला प्रत्येक जण एकदम गरीब होतो. ‘तुपलंच नाटक हाये ना भाऊ, मग पैसे कशाला?’ गवंडी गावातला असला तरी मजुरी घेतो, डॉक्टर गावातला असला तरी इंजेक्शनचे पैसे घेतो. गावातला नट तेवढा गावकीचा. पूर्वी गणपतीत तरुण मंडळी स्वतः नाटक बसवायची, बायकांच्या साड्या मागून आणायची, पडदा ओढणाऱ्याची भांडणं व्हायची. ती पिढी आता सभामंडपात बसून ‘आमच्या वेळी’ सांगते आणि नातवाला मात्र म्हणते, नाटकं कमी कर अन् स्पर्धा परीक्षेचं बघ.

गरिबीचं कारण सांगणाऱ्यांनी एकदा वडसा देसाईगंजला जाऊन यावं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सगळा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. श्रीमंतीत आमच्याहून काकणभर सरस आहे असं कोणी म्हणणार नाही. दिवाळी झाली की तिथं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. बैलांचा शंकरपट असो, मंडईची जत्रा असो, गावचं मंडळ कंपनीला बोलावतं, तंबू ठोकतं, तिकीट लावतं, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. घराघरात पाहुणे उतरतात, नाटकाला म्हणून लेकी माहेरी येतात. लेखक, नट, वादक, पोस्टर छापणारा, तंबूवाला, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. मुंबईचे नट तिकडं पैसे घेऊन काम करायला जातात. गंगा उलटी वाहते. त्या नाटकांची सगळी कला थोर आहे असं नाही. पुष्कळदा मधेच डान्स घुसवतात, संवाद फार ताणतात, शहरातला समीक्षक नाक मुरडतो. मुरडू दे. प्रेक्षकानं खिशात हात घातलाय, एवढं मला पुरे आहे. तिथल्या नटाला कोणी विचारत नाही, की हे तुम्हाला जमतं कसं.

सरकारकडं मागण्या करून मी थकलो. 1954 पासून सरकारची हौशी नाट्य स्पर्धा चालू आहे, ती चालू राहो. तिथं आम्ही नेपथ्याचा टेम्पो भाड्यानं करतो, पदरचे पैसे घालतो, प्रमाणपत्र आणतो आणि ते भिंतीला लावायला पुन्हा तीच कापसामागची भिंत. मुंबईकरांकडंही आता काही मागायचं नाही. ज्यांना माझं काम हवं असेल त्यांनी गरीब शेतकऱ्याखेरीज कुठलीही भूमिका घेऊन फोन करावा, पैशांची तारीख फोनवरच सांगावी.

मागायचं आहे ते कुंभार पिंपळगावकडं, तीर्थपुरीकडं, जांबकडं, घनसावंगीकडं. यंदाच्या जत्रेच्या वर्गणीची बैठक बसेल, तेव्हा डीजेच्या आधी नाटकाचं नाव घ्या. बाहेरून काही आणायची गरज नाही. लेखक इथं आहेत, नट इथं आहेत, बाया कामं करायला तयार आहेत, त्यांना फक्त तालमीनंतर घरापर्यंत सोडायची सोय करा. तिकीट लावा, 50 रुपये. सरपंचाकडून घ्या, पोलीस पाटलाकडून घ्या, माझ्या भावकीकडून तर सगळ्यात आधी घ्या. पास कोणालाही मिळणार नाही.